छोटं मशीन, जड होडी

काल नाते गावात मेव्हण्याने गवत कापायच्या मशीनसाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं आणि त्या वासाने मला आमची रेती काढायची होडी आठवली.

एका पावसाळ्यात रस्त्यावर पुराचं पाणी होतं आणि त्यातच आईच्या पायाला घोणस चावली होती. तिला होडीत पुढे निजवून आम्ही सावित्री नदीतून महाडच्या दवाखान्याकडे निघालो. होडी जड, तिला मागे लावलेलं मशीन लहान, त्यात पाणी समोरून येत होतं. वडील, म्हणजे आमचे दादा, मशीनचा दांडा धरून मागे बसले होते. मी त्यांच्या शेजारी. मशीन पूर्ण जोरात सोडलं तरी होडी नाक वर करून रखडत होती. मी पंख्यात अडकलेलं गवत काढलं, वजन कमी व्हावं म्हणून लोखंडी नांगरसुद्धा पाण्यात फेकून दिला. काही फरक पडला नाही. दादा अंगाने भारी, पण त्यांना मागून उठा म्हणायची माझी छाती नव्हती.

तेवढ्यात आई म्हणाली, "अवो, माझ्याजवळ बसा जरा."

दादांनी दांडा माझ्या हातात दिला. "तू पाण्याकडं बघ, आमच्याकडं नको," म्हणाले, आणि पुढे जाऊन त्यांनी आईचं डोकं मांडीवर घेतलं. होडीचं नाक खाली आलं आणि ती पाणी कापत सुटली.

आई वाचली. जड होडी छोट्या मशीनवर कशी पळवायची असं कुणी विचारलं, की मी सांगतो, वजन पुढे घ्या, ही आमच्या दादांची युक्ती. आईने हाक मारली होती, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.