ईश्वरचिठ्ठी

जेवण अंगावर येतंय. पेपरच्या तालुका कार्यालयातला पंखा कुरकुरतोय. पडद्यावर अर्धी बातमी : 'पराभूत उमेदवार रत्नमाला कुदळे यांची याचिका निकाली.' बाई गेल्या आठवड्यात वारल्या. अर्जदारच उरला नाही म्हणून न्यायालयाने प्रकरण बंद केलं. मी डोळे मिटतो.

"पराभूत कोण?"

समोरच्या खुर्चीत रत्नमालाबाई. पदर खोचलेला, प्रचाराला निघाल्यासारख्या.

"बाई, तुम्ही..."

"मेले, माहितीय मला. मतं किती पडली ते सांगा."

"समसमान."

"मग?"

"ईश्वरचिठ्ठी काढली. समोरच्या पक्षाची निघाली. त्या एका जागेवर नगरपंचायत त्यांच्याकडे गेली."

"ईश्वराला दुसरे उद्योग नाहीत का हो?"

पंखा थांबतो. आम्ही मतमोजणीच्या मंगल कार्यालयात आहोत, पण पंगत बसलीय. दोन्ही पक्षांचे लोक पानांवर. कुणीच जेवत नाही. निवडणूक अधिकारी वाढायला येतो. हातात स्टीलचा डबा.

"घाला हात," बाई म्हणतात. "डोळे मिटून हं."

मला उठायचंय, पाय हलत नाहीत. हात मात्र डब्यात जातो. आत काहीतरी भुरभुरीत, गार.

"गुलाल आहे. आमच्या ह्यांनी निकालाआधीच पोतंभर आणला. दुकानदार परत घेईना."

गुलालात दोन चिठ्ठ्या. एक घडी घातलेली, चपटी. दुसरी विडीसारखी गुंडाळलेली. ओळखायला डोळ्यांची गरजच नाही.

"कळलं?"

"कळलं. तुमची तक्रार हीच होती. पण ते सिद्ध झालेलं नाही, बाई. मला तसं छापता येत नाही."

"नका छापू. पण मी हरले, हे कुठं सिद्ध झालंय?"

अधिकारी डबा ओढतो. माझी मूठ आतच अडकलीय. पंगत उठून उभी राहते, सगळे ओरडतात, आवाज फोनच्या घंटीचा येतो.

संपादक. "खरात, बातमी कुठाय? पान छपाईला सोडायचंय!"

"देतो."

मी 'पराभूत उमेदवार' पुसतो. लिहितो : 'समान मते मिळूनही चिठ्ठीत जागा गमावलेल्या'.

"अहो, मथळा केवढा लांबला!"

"टाइप बारीक करा. शब्द काढू नका."

फोन ठेवतो. आज मी कुठल्याही मिरवणुकीत गेलेलो नाही. तरी उजव्या हाताच्या नखांत गुलाल आहे, आणि की-बोर्डवरचं खोडायचं बटण गुलाबी झालंय.