सौद्याच्या दिवशीचा डायपर

बाबा उंचेपुरे, म्हणून सगळ्यांनी त्यांच्यासाठी एक्सएल डायपर आणले. दवाखान्यातल्या सिस्टरने तेच सांगितलं, वरुडच्या मेडिकलवाल्याने तेच दिलं, माझ्या धाकट्या भावाने डोळे मिटून तेच घेतलं. मी अमरावतीत पंचवीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवते. अर्धा इंच इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक डोक्यावर बसतं, हे मला चांगलं माहीत आहे. तरी बापाच्या कमरेला टेप लावायचं मला तीन महिने सुचलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, लघवीवरचा ताबा दोन-तीन महिन्यांत परत येईल. तो आला नाही. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, डोकं तल्लख, पाय धड. पण खोकला आला, हसू आलं, बाजेवरून उठले, की पायजमा ओला. शेंदूरजनाघाटच्या घरी बाबा, भाऊ आणि भावजय एवढेच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी दर रविवारी एसटीने जायची. पहिल्या महिन्यात बाबांची बाज माजघरात होती, दुसऱ्या महिन्यात पडवीत आली, तिसऱ्यात मागच्या गोदामात, जिथे संत्र्याचे रिकामे क्रेट ठेवतात. तिकडे जा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. नुसता पंखा तिकडे लावून दिला होता.

आणि पाणी बंद. प्यायलेच नाहीत तर येणार कुठून, अशी भावजयीची अक्कलहुशारी. चहा अर्धा कप, पाणी जेवताना एक पेला. त्याने लघवी काही थांबली नाही. उलट ती पिवळीजर्द झाली, तिचा वास वाढला आणि जांघेत आग व्हायला लागली. एका रविवारी मी पाहिलं तर मांड्यांच्या आतली कातडी सोलून निघाली होती आणि वर पावडरचे गोळे झाले होते. मी भावाला म्हटलं, तू कधी पाहिलंस का हे? तो म्हणाला, पोराने बापाचं काय पाहायचं. मग पोरीने पाहायचं का, हे मी विचारलं नाही, कारण माझं पाहून झालं होतं.

बाबांनाही माझी लाज वाटायची. पहिल्यांदा मी डायपर बदलला तेव्हा ते सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले आणि मी सगळा वेळ पाऊस किती पडला ते बोलत राहिले. पुढे तीच रीत पडली.

त्यांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. पोळ्यानंतर बागेचा सौदा होता. आमच्याकडे संत्र्याची बाग झाडावरच विकतात. व्यापारी येतो, बागेत फिरतो, झाडं डोळ्यांनी तोलतो आणि मग शेडमध्ये बसून बोलणी सुरू होतात. ती दोन तास चालतात, कधी चार तास. मध्ये चहा होतो, पावसापाण्याच्या गप्पा होतात, व्यापारी निघाल्यासारखं करतो आणि पुन्हा बसतो. यात बसून राहण्यालाच सगळं महत्त्व. जो आधी उठतो त्याला गरज आहे, असं समोरचा धरून चालतो. बाबा चाळीस वर्षांत कधी आधी उठले नव्हते. व्यापारी वैतागायचे, पण मान द्यायचे. भाऊ तासाभरात घड्याळ पाहायला लागतो हेही व्यापाऱ्यांना माहीत होतं.

"मले चार घंटे बसता आलं पायजे," बाबा मला म्हणाले. "कपड्याले काई दिसू नाई. तेवढं तू पाह्य. बाकी मी पाहून घेतो."

मग मी टेप काढली. कमर तेहतीस, मांडी सतरा. ऑपरेशननंतर माणूस निम्मा झाला होता आणि पायजम्याच्या घेरात ते कोणाला दिसलंच नव्हतं. तो एक्सएल डायपर मांडीपाशी इतका ढिला होता की त्यात माझा अख्खा हात जात होता. गळणार नाही तर काय होणार?

अमरावतीत मी राजकमल चौकापासून सुरुवात केली आणि नऊ मेडिकल पालथी घातली. डायपर म्हटलं की दुकानदार आवाज खाली आणतो, जसं काही मी दारू मागितली. मीडियम आहे का विचारलं तर म्हणायचे, मोठ्या माणसाला लार्जच लागतो, ताई. एक उघडून दाखवा म्हटलं तर उघडलेलं पाकीट मग कोण घेणार. एका महाभागाने लहान मुलांचा सगळ्यात मोठा काढून दाखवला. आणि सगळे काळ्या पिशवीत बांधून देणार. साडी घेताना आपण दहा साड्या उलगडायला लावतो, आणि जिच्यावर माणसाची इज्जत टिकून आहे ती वस्तू मुकाट्याने न पाहता घरी न्यायची. मी असे चार प्रकार नेले. एकाची चिकटपट्टी दुसऱ्यांदा चिकटेना. एकाचं प्लास्टिक चालताना चुरचुर वाजायचं. एकाच्या आतला कापूस ओला झाला की पुढे गोळा होऊन बसायचा. चौथा बरा होता, पण त्यात मीडियम यायचाच नाही.

शेवटी अकोल्याची माझी नणंद म्हणाली, इकडे ये. तिने अंथरुणावरच्या सासूचं चार वर्षं केलं होतं आणि तिला या विषयाची लाज उरली नव्हती. दवाखान्यांच्या गल्लीत सर्जिकल सामानाचं एक दुकान होतं, तिथे तिने मला नेलं. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. मी माप सांगितलं तसा त्याने चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, माप घेऊन येणारं गिऱ्हाईक मी आज पहिल्यांदा पाहतो आहे. त्याने काउंटरवर मीडियम डायपर उघडला, दोन पेले पाणी हळूहळू ओतलं, जरा थांबला आणि वर रद्दीचा कागद दाबून धरला. कागद कोरडा. मांडीपाशी आतून दोन झालरी असतात, त्या घातल्यावर बोटाने उभ्या कराव्या लागतात, दुमडून राहिल्या तर तिथूनच गळतं, हेही त्यानेच शिकवलं. मी आयुष्यभर झालरी लावत आले आणि ही झालर मला कळली नव्हती.

त्यानंतर गाडी रुळावर आली. पाणी पुन्हा पोटभर सुरू केलं. दर दोन तासांनी वाजेल असा गजर बाबांच्या मोबाइलवर लावला. तो वाजला की लघवी यायची वाट न पाहता संडासात जाऊन यायचं. पावडर फेकली. कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम पातळ लावायचं. कातडी तीन आठवड्यांत भरून आली. मी त्यांना बुडाशी जास्त घेर देऊन दोन पायजमे शिवले. रविवारी आम्ही बसायचा सराव करायचो. आधी दोन तास, मग तीन. पहिल्यांदा तीन तास कोरडे निघाले तेव्हा बाबांनी भावजयीला हाक मारून चहा मागितला, पूर्ण कप.

मधे एक घाण प्रकार झाला. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत टाका, असं मी सांगितलं होतं. घंटागाडीवाल्याच्या हातात द्यायला भावजयीला लाज वाटली, म्हणून ती ते मागच्या नालीकाठी पुरायची. कुत्र्याने एक उकरला आणि ओढत पिठाच्या गिरणीपाशी चौकात नेला. चार लोकांच्या देखत भावाला तो उचलून आणावा लागला. तेव्हापासून तो बाबांशी कामापुरतंच बोलायला लागला. जाईल राग, असं मला वाटलं. मी मूर्ख.

व्यापारी बुधवारी दहा वाजता येणार, असं भावानेच आम्हाला सांगितलं होतं. मी दुकान बंद ठेवून आदल्या दिवशीच गेले. सकाळी बाबांना डायपर घातला, झालरी उभ्या केल्या, वरून नवा पायजमा आणि पांढरा सदरा. त्यांनी मला मागून-पुढून दोनदा पाहायला लावलं. काही दिसत नव्हतं. नऊ वाजता आम्ही बागेत गेलो. शेडमध्ये बाज टाकली, समोर व्यापाऱ्यासाठी खुर्ची ठेवली. बाबा पाणी प्यायले, तंबाखू मळली आणि बसले.

दहा वाजले, अकरा वाजले. उशिरा येणं हीसुद्धा व्यापाऱ्याची चाल असते, असं बाबा मला समजावत होते. किती बोलायचं, कुठे गप्प बसायचं, हे सगळं त्यांच्या मनात तयार होतं. एवढे खुशीत मी त्यांना ऑपरेशननंतर पाहिलं नव्हतं.

एक वाजता भाऊ मोटारसायकलवर जेवणाचा डबा घेऊन आला. व्यापारी कुठे आहे विचारलं, तर त्याने मला विहिरीकडे बाजूला घेतलं.

"सौदा परवाच झाला, फोनवर," तो म्हणाला. "इसाराचे पैसेही घेतले."

"मंग आमाले इथं काहून बसोलं?"

"बसू दे म्हटलं. त्यायले बरं वाटते. व्यापाऱ्यासमोर काई झालं असतं तं? चौकात झालं तेवढं पुरे हाय."

त्याच्या तोंडात मारावी असं मला वाटलं. पन्नाशीच्या भावाच्या तोंडात बहीण मारत नाही, एवढ्यावरच तो वाचला. त्याला वाटलं असेल, आपण हळू बोललो. बाबांचे कान शाबूत होते.

"इकडे ये," बाबांनी त्याला हाक मारली. तो गेला. बाबा बाजेवर तसेच बसलेले होते. "चार घंटे झाले. हात लावून पाह्य. कोरडा हाओ मी."

भावाने हात लावला नाही. झाडांकडे पाहत तो म्हणाला, डबा गार होऊन राह्यला. मग त्याने गाडी वळवली आणि निघून गेला.

मी डबा उघडला नाही. बाबांना म्हटलं, चला घरी. त्यांनी मला विचारलं, "हा किती घंटे चालते?"

मी म्हटलं, सहा.

"मंग अजून दोन घंटे हायेत," ते म्हणाले आणि त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली.

मी व्यापाऱ्याच्या खुर्चीवर बसले. तीन वाजेपर्यंत बाबा उठले नाहीत.