मतांवरचा कडता

ती तक्रार आजही आठवली की आधी हसू येते आणि मग थोडी लाज वाटते. निवृत्तीला वर्ष उरले होते आणि मी तुमसरला ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून बसतो न बसतो तोच एक कापड दुकानदार तावातावाने आत आला.

"साहेब, माह्या मेहनतीवर कोणीतरी पाणी फिरवून राहिलं जी!"

तो इंटरनेटवरच्या एका मंचावर लेख लिहायचा. त्या मंचाला कुणी मालक नाही. वाचकांनी मत दिले की लेखकाला टोकन, म्हणजे पैशांत बदलता येणारी डिजिटल नाणी मिळतात, विरोधी मत दिले की ती कमी होतात. ज्याच्या खात्यात टोकन जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. महिनाभर एक बेनामी खाते त्याची कमाई कापत होते. संशयिताचे नाव तो घरूनच ठरवून आला होता. मूळची बपेऱ्याची, तुमसरात खोली करून राहणारी एक मुलगी. तीही तिथे लिहायची आणि दोघांचे मंचावर जाहीर भांडण झाले होते.

नेमकी तिचीच चारित्र्य पडताळणीची फाइल माझ्या टेबलावर होती. पोलीस भरतीत तिची निवड झालेली. तक्रारीचा साधा शेरा पडला असता, तरी नेमणूक लटकली असती.

दुकानदाराला थांबवून तिला जबाबासाठी बोलावले. महिला अंमलदाराशेजारी बसली आणि ठणकावून बोलली.

"भांडली मी, नाई म्हनत नाई. पन लपून काहून कापू? हे भाऊ पैसे देऊन मतं विकत घेतात साहेब. मी तोंडावर सांगितलं."

दुकानदार जमिनीकडे पाहू लागला. त्या मंचावर कोणत्या खात्याने कुठे मत दिले ते उघड दिसते, म्हणून तिलाच मोबाइल उघडायला लावून मी महिनाभराचे लेख तपासले. तिने दाखवलेली विकतची मते जिथे होती, तिथे जवळपास तेवढीच कमाई कापलेली. खऱ्या वाचकांची मते शाबूत. रागावलेला माणूस असे मोजून कापत नाही. मी शेतकऱ्याघरचा. धानाच्या पोत्यात फोल, म्हणजे पोकळ दाणे निघाले, की बाजारात पारखणारा वजनातून तेवढेच वजा करतो. त्याला कडता म्हणतात. आणि प्रत्येक लेख वाचून इतका नेमका कडता धरणारा वैरी नव्हे, घरचाच कुणी असावा.

"तुमच्या घरात धानाच्या बाजारात कोण होतं?" मी दुकानदाराला विचारले.

"बाबा. जन्मभर धान पारखलं त्यायनं..." आणि तो बोलता बोलता थांबला.

म्हातारबा आले, मोबाइल खिशात घेऊनच. बचतीतून टोकन घेऊन त्यांनी गुपचूप खाते उघडले होते. आढेवेढे घेतले नाहीत.

"हो, मीच कापतो. फोल भरलेलं पोतं घरचं हाये म्हनून का चांगलं म्हनू?"

"बाबा, तुमी माहे लेख वाचता?"

"वाचल्याबिगर कडता धरतो का मी? तुह्या आईच्या लुगड्यावर लिवलास, त्याले पयलं मत माहंच हाये."

दुकानदाराचे डोळे भरून आले. हवालदाराने न सांगता सगळ्यांसाठी चहा मागवला. "चुकलो पोरी," म्हणत दुकानदाराने तक्रार मागे घेतली. मी फाइलवर 'आक्षेप नाही' लिहून सही केली.

तक्रारदार जे नाव घेऊन येतो, ते बहुतेकदा त्याच्या रागाने सुचवलेले असते. हे मी शिकाऊ फौजदारांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. आणि त्या सकाळी, मुलीला एकही प्रश्न विचारण्याआधी, तिच्या फाइलवर शेरा मारायला मी पेनाचे टोपण काढले होते.