न नेलेली अनामत

गेल्या डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलं होतं, की आजोबांच्या मागे सारखी घरघर कसली येते. मी म्हटलं, कूलरची. तुम्ही मान डोलावलीत आणि तुमच्या शाळेतल्या गोष्टी सांगायला लागलात. जळगावात डिसेंबरात कुणी कूलर लावत नाही, आणि स्वेटर घालून बसलेल्या माणसामागे तर नाहीच. पण हे कळायला इथे राहावं लागतं.

तो आवाज ऑक्सिजनच्या मशीनचा होता. आजोबांची फुप्फुसं आक्रसत चालली आहेत. तुमच्या आईबाबांना हे ठाऊक आहे, तुम्हाला सांगू नका असं मीच बजावलं होतं. कॉलच्या दहा मिनिटांपुरती आजोबा नाकातली नळी काढून उशीखाली ठेवायचे आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तुमच्याशी हसून बोलायचे. म्हणून माझे फोन तसे तुटक होत.

ते मशीन आमचं नाही. डाळमिलांच्या गल्लीत दोन खोल्यांची एक संस्था आहे. दवाखान्यातल्यासारख्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या आणि थोडी ऑक्सिजन मशीन, असं सामान ती घरी न्यायला देते. भाडं घेत नाही. अनामत म्हणून काही रक्कम ठेवायची, सामान परत केलं की ती उचलायची. आम्ही पाच हजार ठेवले. पावती मी देवाऱ्यात ठेवली. मी चाळीस वर्षं कागद फाइलमध्ये लावत आले, हा एकच तिथे का ठेवला, ते मला सांगता येणार नाही.

जानेवारीत मला एक फोन आला. इथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यांच्या घरातली मोठी सून, माझी जुनी विद्यार्थिनी. या संस्थेच्या पहिल्या दोन खाटा तिच्या आजेसासऱ्यांनी दिल्या होत्या, आणि संस्थेला सगळ्यात जास्त पैसा आजही त्यांच्याच घरातून जातो.

"टीचर, आम्ही या वर्षी पाच नवी मशीन द्यायचं म्हणतोय," ती म्हणाली. "पण घरातली मुलं म्हणतात, आधी पैसा जातो कुठे ते बघा. सीए शिक्का मारतो, वाचत कुणी नाही. तुम्ही एकदा बसून बघाल? तुम्ही आमच्या निबंधातला स्वल्पविरामही सोडत नव्हता."

मी तिला सांगितलं, की मला चालणार नाही. संस्थेचं मशीन माझ्याच घरात आहे, उद्या कुणी म्हणेल बाईंनी उपकार फेडले.

"म्हणूनच तुम्ही," ती म्हणाली. "संस्था बुडाली तर तुमचं नुकसान आणि खोटं लिहिलंत तरी तुमचंच. असा माणूस कुठे मिळणार?"

ती हे हसत म्हणाली, पण ते खरं होतं. संस्था बंद पडली तर मशीन परत जाईल. नवीन मशीन आमच्या पेन्शनीत बसत नव्हतं आणि भाड्याचं दर महिन्याला परवडत नव्हतं. म्हणजे मी दुसऱ्याचा हिशेब तपासायला निघाले होते आणि त्या हिशेबाच्या टोकाला तुमच्या आजोबांचा श्वास होता.

संस्थेचं काम नाना बघतात. भुसावळला रेल्वेच्या स्टोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला अक्का म्हणतात. त्यांनी माझ्यासमोर वह्या रचल्या, टेबल पुसलं आणि म्हणाले, "घ्या अक्का. सासूने सुनेचा डबा तपासावा तसं तपासा. झुरळ निघालं तर मला दाखवा, मोठ्या सुनेला नको."

झुरळ निघालं नाही. दोन सकाळी मी व्हाउचर आणि वह्या जुळवत बसले. टेम्पोचं भाडं, वीजबिल, मदतनीस बाईचा पगार, सगळं रुपयाला रुपया जुळलं. नानांनी चहासुद्धा स्वतःच्या नावावर लिहिला होता. मी घरी येऊन आजोबांना म्हटलं, संस्था चोख आहे. त्या रात्री मला नीट झोप लागली.

तिसऱ्या सकाळी मी जमेची बाजू घेतली. तिथे देणग्यांच्या खाली एक ओळ होती, 'अनामत, न नेलेली'. ती रक्कम देणग्यांपेक्षा मोठी होती.

मी नानांना विचारणार, तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला. पारोळ्याकडच्या एका खेड्यातला चाळिशीचा माणूस खाट परत घेऊन आला होता. डोक्यावर केस नव्हते, नुकतेच उतरवलेले. नानांनी खाट तपासली, वहीत खूण केली आणि ड्रॉवरमधून नोटा काढून मोजल्या. त्या माणसाने हात मागे घेतला.

"नको भाऊ, माले नको त्या पैसा," तो म्हणाला. "मना बाप गया त्या खाटवर. त्या पैसा खिसामा कसा टाकू? बठ्ठा आठेच राहू द्या."

सगळे इथेच राहू द्या. नानांनी एकदा आग्रह केला, दुसऱ्यांदा केला नाही. देणगीची पावती फाडली. त्या माणसाने सही केली, खाटेच्या कठड्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि तो टेम्पोत बसून गेला. टेम्पोचं भाडं त्याने चुरगळलेल्या दहाच्या नोटांतून दिलेलं मी पाहिलं होतं.

"असंच असतं, अक्का," नाना म्हणाले. "माणूस बरा झाला तर लोक हसत पैसे मोजून नेतात, वर आम्हाला पेढे देतात. माणूस गेला तर कुणी हात लावत नाही. बाया तर पावतीसुद्धा आणत नाहीत."

म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या पैशातून संस्थेला काही मिळत नव्हतं, आणि गेलेल्यांच्या पैशावर वीजबिल भरलं जात होतं. नवं मशीन द्यायला माणसं पुढे येतात, कारण मशीनवर वडलांचं नाव लिहिता येतं. फिल्टरवर नाव लिहिता येत नाही. तो खर्च या ओळीतून निघत होता. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. तशी सवय पडत गेली होती.

मग मी पुढच्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज बघितला. तिथेही तीच ओळ होती, आणि समोर रक्कम. मी स्वतःशी म्हटलं, हा आकडा कुठून आणला असेल? उत्तर बाहेर असलेल्या सामानाच्या वहीत सापडलं. काही नावांपुढे, अनामतीच्या रकान्यात, पेन्सिलीने बारीक ठिपका दिलेला होता. ठिपक्यांच्या अनामती मी कागदावर मिळवल्या. बेरीज अंदाजातल्या आकड्याइतकीच आली.

मी बोट खाली नेत गेले. माझं अक्षर ओळखावं तसं मला तुमच्या आजोबांचं नाव लांबूनच दिसलं. मशीनचा क्रमांक, पाच हजार, आणि पुढे ठिपका.

मी वही मिटली. नानांना म्हटलं, आज डोकं दुखतंय, उद्या येते. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की चष्मा तिथेच राहिला.

पुढचे दोन दिवस मी गेले नाही. आजोबा कळण्याची भाकरी आणि भरीत खात होते. एक घास, मग थांबणं, मग दुसरा घास. हे थांबणं आधीपासूनच इतकं लांब होतं की वहीतल्या ठिपक्यामुळे मला लांब वाटत होतं? ते झोपले की मी मनगटी घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजायचे आणि आकडे डायरीत लिहायचे. वीज गेली आणि इन्व्हर्टरने मशीन उचलेपर्यंत घरात जी शांतता व्हायची, ती मला आता सहन होईना. नानांनी हा ठिपका कधी दिला असेल? दिवाळीनंतर फिल्टर बदलायला ते घरी आले होते तेव्हा? त्यांनी काय पाहिलं, जे मला रोज बघून दिसलं नाही? डॉक्टर मोघम बोलतात. नानांनी मात्र इतक्या घरांतून खाटा परत नेल्या आहेत.

मला घाबरल्यावर एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे तपासणी. तिसऱ्या दिवशी गेले आणि मागच्या वर्षाची वही मागितली. तिच्यातही ठिपके होते. मी एकेक नाव घेऊन पुढे काय झालं ते शोधलं. अकरा ठिपके होते. नऊ जणांच्या पुढे 'न नेलेली'. दोघांनी पैसे नेले होते. मी पुन्हा मोजलं. नऊ आणि दोन.

"नाना," मी म्हटलं, "हे ठिपके कसले?"

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "व्यापाऱ्यांच्या घरून बजेट मागितलं होतं, अक्का. मी स्टोअरचा माणूस. कोणता माल परत येईल, कोणता नाही, जन्मभर तेवढंच पाहिलं. कुणाची वाट बघत नाही हो आम्ही. अंदाज धरतो."

"आमच्याकडे केव्हा धरलात?"

"फिल्टर बदलायला आलो तेव्हा. मागच्या खेपेला दादा दारापर्यंत सोडायला आले होते. या खेपेला खुर्चीतूनच हात केला." त्यांनी ड्रॉवर उघडून खोडरबर काढलं. "पुसू का? एका मिनिटाचं काम आहे. चुकीचाच असेल. दोघांचा चुकलाच ना मागच्या वर्षी?"

मला काय वाटलं ते तुम्हाला खरं सांगते. मला वाटलं त्यांनी काही विचारूच नये, मी खिडकीबाहेर बघावं आणि त्यांनी तो पुसून टाकावा. पण मी तिथे पाहुणी म्हणून बसले नव्हते. तपासणाऱ्याने वहीत खाडाखोड करू द्यायची नसते. मी म्हटलं, "नको. आहे तसं राहू द्या." आणि माझ्या टिपणात लिहिलं, की नोंदी मूळ स्वरूपात पाहिल्या.

अहवाल इंग्रजीत लिहिला. व्यापाऱ्यांच्या मोठ्या सुनेच्या मुलांना तोच वाचता येतो. मराठी तर्जुमा आजोबांपुढे ठेवला, कारण माझं मराठी ते नेहमी दुरुस्त करतात. पहिल्या ओळीत, संस्थेचं एक मशीन माझ्या घरी आहे, हे होतं. मग लिहिलं होतं, की एक रुपयाही कुणी खाल्लेला नाही. पण अनामत हे उत्पन्न नव्हे. ती लोकांची आहे, वेगळ्या खात्यात हवी. आज सामान नेलेली सगळी माणसं बरी होऊन आली तर संस्था त्यांचे पैसे परत करू शकणार नाही. दुःखाच्या दिवशी 'नको' म्हटलेलं अखेरचं धरू नये, वर्षाने पुन्हा विचारावं. आणि देणगीदारांनी मशीनआधी वीजबिल आणि दुरुस्ती द्यावी.

आजोबांनी लाल पेनने दोन वेलांट्या सुधारल्या. मग म्हणाले, "अंदाज पेन्सिलीच्या खुणांवरून केला आहे, असं लिहिलं आहेस. माझ्यापुढे आहे का खूण?"

तुमच्याशी कूलरबद्दल खोटं बोलले होते. पुन्हा जमलं नाही. मी मान हलवली.

ते हसले, हसता हसता खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. मी नळी नीट केली. मग ते म्हणाले, "अगं, नाना हुशार माणूस आहे. पण एक ऐक. मी असलो काय, नसलो काय, ते पाच हजार तू परत आणायचे. हात पुढे करून, मोजून. तू नाही घेतलेस तर एखादी खेड्यातली बाई कशाच्या जोरावर घेईल?"

"असं अभद्र बोलू नका."

"पावती देवाऱ्यातून काढ. फाइलला लाव."

अहवाल पाठवला आणि तीन आठवडे काहीच उत्तर आलं नाही. 'परत करू शकणार नाही' हे वाक्य वाचून ते हात आखडणार, संस्था मशीन मागवून घेणार, आणि हे माझ्याच अक्षराने होणार, असं मी रोज धरून चालले होते. गल्लीत टेम्पोचा आवाज आला की मी खिडकीशी जायचे. एकदा मशीनचा दाब कमी झाला तेव्हा नाना वहीत नोंद न करता स्वतःच्या स्कूटरवर फिल्टर घेऊन आले आणि खाली मान घालून बदलून गेले. त्यांनी आजोबांकडे पाहिलं नाही. मला तेही नको वाटलं.

मग व्यापाऱ्यांच्या मोठ्या सुनेचा फोन आला. "टीचर, मुलं पहिल्यांदा चिडली. आता म्हणतात, पाच नाही, एकच मशीन देऊ. उरलेले पैसे अनामतीच्या खात्यात. नाव कुठे लिहायचं ते आजेसासरे वरून सांगतील."

नानांनी नवी वही घातली. ठिपक्यांना तिच्यात जागा नाही. त्याऐवजी सामान नेतानाच एक रकाना भरून घेतात, 'अनामत परत कोण नेणार'. म्हणजे नंतर आलेल्या माणसाला संकोच नको, त्याचं नाव आधीच लिहिलेलं असतं. जुन्या लोकांनाही बोलावून भरून घेतलं. त्यांनी पहिलं मला बोलावलं आणि पेन दिलं.

पावती आता फाइलमध्ये आहे. त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. नाव लहान आहे, पण लिहायला वेळ लागला आणि शेवटची दोन अक्षरं रेघेखाली घसरली. नाना म्हणाले, "अक्का, पुन्हा लिहायचं का?" मी म्हटलं, वाचता येतंय ना, मग असू द्या.

या रविवारी फोन कराल तेव्हा आजोबा नळी लावूनच बसतील.