उलटलेला कागद

कचेरीत त्यांना सगळे मिलिमीटर म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. घरबांधणी खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. साहेबांच्या रेघेतही चूक काढतील असा माणूस. घरी जेवायला बसले तरी ताट पाटाच्या मधोमध आहे की नाही हे आधी बघायचे, मग भाताला हात लावायचे.

अशा माणसाच्या हातून सबंध नोकरीत एकच मोठी चूक झाली, आणि त्या चुकीत ते बायकोला घेऊन बावीस वर्षं राहत होते.

झालं होतं असं. खात्यातल्या लोकांसाठी तीन मजली इमारत बांधायची होती. मधोमध जिना, प्रत्येक मजल्यावर डावीकडे एक घर, उजवीकडे एक. अशा वेळी कुठलाही ड्राफ्ट्समन दोन घरं काढत बसत नाही. एक काढतो, ट्रेसिंग पेपर उलटा करतो आणि दुसरं गिरवून घेतो. मिलिमीटरनी डावं घर अगदी जीव ओतून काढलं. स्वयंपाकघराला आणि मागच्या खोलीला ऐसपैस खिडक्या, बाहेर मोकळं मैदान. मग कागद उलटला.

"उजव्या अंगाला काय आहे हो?" साहेबांनी विचारलं. "जागेवर जाऊन आलात ना?"

मिलिमीटर गेले नव्हते. ऊन मी म्हणत होतं, आणि कागद समोर असताना चपला कशाला झिजवायच्या, असं त्यांचं ठाम मत होतं. "तेच आहे, साहेब," ते म्हणाले. साहेबांनी सही ठोकली.

उजव्या अंगाला गोदामाची भिंत होती. इमारतीपेक्षा उंच, आंधळी, आणि खिडक्यांपासून चार फुटांवर.

घरं वाटायला चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मिलिमीटरच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरचं उजवं घर आलं. नवी नवरी हौसेनं आधी स्वयंपाकघरात धावली. "अय्या, केवढी मोठी खिडकी!" म्हणत तिनं कडी काढली, आणि समोरच्या विटा बघून तिला हसूच फुटलं. "अहो, कुणा दिवट्यानं काढलं हे घर?"

"दुसऱ्या विभागानं," मिलिमीटर म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

तिचं हसू साधारण वर्षभर पुरलं. माहेरी घर डोक्यावर घेणारी मुलगी ती. इथे सकाळी उठलं की दिवा, दुपारी जेवायला दिवा, वाटाणे सोलायला दिवा. पुढे पुढे ती भाजीचं ताट घेऊन जिन्यात जाऊन बसायला लागली, कारण जिन्याच्या वळणावर एक खरीखुरी खिडकी होती. येणारे-जाणारे म्हणत, "वहिनी, वाटेत काय बसलात?" मग तेही बंद झालं. डोकं दुखायचं, झोप यायची नाही, आली तर उठवायचं नाही. डॉक्टरांनी टॉनिकं दिली. नणंद म्हणाली, वहिनीचा स्वभावच कुढा. मुलगा शिकायला बाहेर गेला तो सुट्टीतही दोन दिवसांच्या वर टिकेना.

घर बदलून मागता आलं असतं. खालच्या मजल्यावरचे तसं मागून सुटलेही होते. पण अर्जात कारण लिहावं लागे. मिलिमीटरनी कारण लिहिलं असतं तर कुणीतरी नकाशा काढून बघणार, आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्यांची सुबक, बारीक सही. अर्ज राहिला तो राहिलाच. पुढे खात्यानं घरं राहणाऱ्यांच्याच नावावर करून दिली आणि सुटकेची तीही वाट बुजली.

हे सगळं एक वेळ माफ करता येईल. पण मिलिमीटरनी आणखी एक गोष्ट केली, ती मला अजून गिळता येत नाही. बायको खिडकीबद्दल बोलायला लागली की ते म्हणत, "अगं, घरात काही नसतं, सगळं मनावर असतं. समोरच्या, डाव्या घरातल्या ताईंचं बघ. मापाला माप तेच. त्या कशा हसतखेळत असतात!" हे त्यांनी शंभरदा सांगितलं, आणि तिनं ते खरं मानलं.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी समोरच्या ताई यजमानांसह लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना झाडांना पाणी घालायला म्हणून घराची किल्ली देऊन गेल्या. पहिल्या दिवशी बायको दहा मिनिटांत परत आली. आठवड्यानं तासभर लागायला लागला. महिनाअखेरीला ती दुपारची भांडी आवरली की जी जायची ती दिवेलागणीलाच उगवायची. इतकं पाणी घातलं तर झाडं कुजतील, असं मिलिमीटर म्हणून बघायचे. पण आमटीला मीठ बरोबर पडायला लागलं. एकदा तर ताईंच्या यजमानांच्या, जिन्यापर्यंत ऐकू येणाऱ्या घोरण्याची तिनं हुबेहूब नक्कल केली. आनंद व्हायचा सोडून मिलिमीटर किल्ली परत द्यायचे दिवस मोजायला लागले.

किल्ली परत द्यायच्या आदल्या दिवशी ते तिला बोलवायला गेले. ती ताईंच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. पायांवर ऊन होतं.

"या, बसा," ती म्हणाली. "एक गंमत सांगू? इथे डबा घ्यायला गेले की हात उलटीकडे जातो. सगळं आपल्यासारखंच, फक्त उलटं. मग इथे मला बरं वाटतं आणि तिकडे जीव का गुदमरतो हो? उद्या किल्ली द्यायची म्हणून सकाळपासून रडू येतंय. परक्याच्या घरासाठी रडते, म्हणजे डोकंच फिरलंय माझं. डॉक्टर त्या मनाच्या गोळ्या कायमच्या सुरू करा म्हणत होते ना? करू या. मला माझीच भीती वाटायला लागलीय."

"मापाला माप..." मिलिमीटरनी सवयीनं सुरुवात केली. तिनं मान खाली घालून ते ऐकायची तयारीच केली होती, हे त्यांना दिसलं.

"तो नकाशा मी काढला होता," ते म्हणाले. "कागद उलटा केला आणि जागा बघायला गेलोच नाही. तुझ्या मनावर काही नव्हतं. तुझ्यात काहीच नव्हतं. भिंत होती."

ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"पहिल्या दिवशी खिडकी उघडली, तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि तरी मला इतकी वर्षं..." ऊन फरशीवर जरा पुढे सरकलं होतं. तिनं उठून स्टूल उन्हात सरकवलं आणि पुन्हा बसली.

"चल घरी," ते कसंबसं म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. मी अंधार पडल्यावर येते. तेव्हा दोन्ही घरं सारखीच असतात."

मिलिमीटर जिन्याची चार पावलं ओलांडून घरी आले. दिवा न लावता स्वयंपाकघरात तिच्या जागेवर बसले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. समोर विटा होत्या. अंधार पडायला अजून किती वेळ आहे ते बघायला त्यांनी घड्याळाकडे मान वळवली. बाहेर लख्ख दुपार होती, आणि त्यांना काटे दिसेनात.