ओतिलियाची सावकाश गाडी

आमच्या वस्तीत गाडीचा परवाना असलेली बाई एकच, ओतिलिया. कोंबड्यांच्या कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत, सगळ्यांना नेणार तीच. तोंड मात्र भारी फटकळ. "दार आपटू नकोस, बापानं घेऊन दिली नाहीये गाडी," हे मी कितीदा ऐकलंय. पण अडलेल्याला तिनं कधी नाही म्हटलं नाही. तिचे स्वतःचे या देशात राहायचे कागद पक्के. नवऱ्याचे, फिदेन्सियोचे, मुळीच नाहीत. तो बिचारा घर सोडून कारखान्यात आणि कारखाना सोडून घरात.

परदेशातून आलेल्यांचे कागद बघणं हे खरं तर केंद्र सरकारचं काम. त्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या अलाबामा राज्यानं कायदा करून ते राज्याच्या पोलिसांच्याही गळ्यात मारलं. आता काय, गाडीचा मागचा दिवा फुटका दिसला की थांबवणार आणि कागद मागणार, नसले की धरून देशाबाहेर काढायला देणार. समोरचं कुटुंब तर चुलीवरचं भांडं तसंच टाकून गाव सोडून गेलं.

अशात आमच्या वस्तीतल्या नेरेइदानं फिदेन्सियोला आपल्या तान्ह्या मुलीच्या बाप्तिस्म्यात तिला हातात धरणारा धर्मपिता व्हायला सांगितलं. हा मान कुणी देऊ केला तर आमच्यात नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणं म्हणजे त्या घराशी नातंच तोडणं. तरी फिदेन्सियो चाचरत म्हणाला, "चर्च लांब आहे गं. हमरस्ता लागतो."

ओतिलिया भडकलीच. "मग काय, पलंगाखाली बसून होणार धर्मपिता? मी आहे ना चालवायला. मुकाट्यानं सदरा घाल."

रविवारी निघालो. पुढे ओतिलिया आणि मी, मागे फिदेन्सियो आणि बाळाला घेऊन नेरेइदा. हमरस्ता लागला आणि ओतिलियानं गाडी अशी काही हळू केली की विचारू नका. आम्हा सगळ्यांनाच ही खोड. पोलिसांची भीती वाटली की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला जातो, हळू गेलं की दिसणारच नाही जणू. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले.

मी म्हटलं, "अगं, गाढवसुद्धा पुढे जाईल आपल्या."

"मग गाढवावर बस जाऊन. मी नियमानं चाललेय."

तेवढ्यात मागे पोलिसांचे निळे दिवे लागले. ओतिलियानं गाडी कडेला घेतली.

शिपाई तरुण होता. त्यानं ओतिलियाचा परवाना घेतला. "बाई, इतकं हळू का चालवताय? कुणीतरी मागून येऊन धडकेल ना." मग वाकून मागे बघितलं. "तुम्ही, साहेब. तुमचं ओळखपत्र?"

फिदेन्सियो गुडघ्यांकडे बघत राहिला. ओतिलियाच तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलली. "गाडी मी चालवत होते. चूक माझी. मला विचारा. तो माझा नवरा आहे, या पोरीचा बाप्तिस्मा आहे, आम्हाला उशीर झालाय."

शिपाई परवाना घेऊन आपल्या गाडीत जाऊन बसला. किती वेळ, देव जाणे. मी मनातल्या मनात सगळ्या संतांना वेठीला धरलं. तो परत आला, परवाना तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "या वेळी नुसती ताकीद देतोय. जरा वेगानं चालवा." आणि गेला.

का सोडलं, मला ठाऊक नाही. मनानं चांगला असेल, नाहीतर जेवायची वेळ झाली असेल. त्याला मी देवमाणूस म्हणणार नाही. पण सुटलो. नेरेइदा हमसून हमसून रडली, मी वेड्यासारखी हसत सुटले. ओतिलियानं गाडी सुरू केली आणि इतरांसारखी सरळ वेगात नेली.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी पोरीच्या कपाळावर पाणी घातलं, फिदेन्सियोनं तिला नीट धरलं होतं. विधी उरकला आणि चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला कधी हात न लावणाऱ्या ओतिलियानं त्याचा दंड घट्ट पकडला. तिचा बांध फुटला. "माझ्या हट्टापायी आज घेऊन गेले असते रे तुला. मीच घालवून बसले असते तुला."

फिदेन्सियोनं बाळाला खांद्यावर सावरलं. "हळू बोल," तो म्हणाला. "पोर आत्ताच झोपलीय."