वडगाव रासाई ते नागपूर: विमान दीड तास, कातरीसकट

दादाच्या मुलीचं, माझ्या भाचीचं बारसं नागपूरला, दुपारी एकला. नाव ठेवणारी आत्या मी एकटीच. करगोटा बांधायचा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. आमच्या घरात बाळाच्या कमरेचा करगोटा काळ्या लोकरीचा असतो. बाळाचे आजोबा तो वळतात आणि त्याचं टोक मेंढ्या कातरायच्या कातरीनंच कापतात. आबांना दौंडहून रेल्वेनं जायचं होतं, पण मला आदल्या संध्याकाळपर्यंत कंपनीत ड्यूटी. म्हणून विमान.

"किती लांब हाय गं नागपूर?"

"आबा, हवाई अंतर सहाशे किलोमीटर. दीड तास."

"मेंढरं घिऊन दोन महिनं लागत्यात," आबा म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

ज्यांना जायचंय त्यांनी माझी चूक करू नका. दीड तास फक्त विमानाचा. आम्ही उजाडायच्या आत निघालो, तरी शिक्रापूर आणि वाघोलीच्या वाहनकोंडीनं मिळून आमचा घाम काढला. विमानतळावर पोचलो, तोवर काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. बोर्डिंग पास घेतले आणि धावत तपासणीला गेलो. तिथं आबांच्या पिशवीतून हातभर लांब कातर निघाली. मी कपाळाला हात लावला.

"ये क्या है, चाचा?" जवानानं विचारलं.

"कातर हाय. मेंढरं कातरतो आमी, मान्सं न्हाई."

जवान हसला, पण कातर आत जाणार नव्हती. इथं टाका, नाहीतर सामानात द्या.

"बापाची कातर हाय ती," आबा मला म्हणाले. "तू जा पोरी. मी ऱ्हातो हितं."

त्यांना सोडून गेले असते तर त्या पाळण्यापाशी मला उभं राहवलं नसतं. आम्ही उलट पळत काउंटरवर आलो. तिथली मुलगी म्हणाली, कातर अशी उघडी घेता येत नाही, बॅग लागेल. बॅग कुठली आणायची? आबांनी खांद्यावरची घोंगडी फरशीवर अंथरली, कातर चिंधीत गुंडाळून मधे ठेवली आणि बिऱ्हाड बांधतात तशी चार गाठींत आवळली. मुलीनं गाठ ओढून पाहिली. सुटेना. तिनं गाठोड्याला चिठ्ठी लावली आणि पट्ट्यावर सोडलं.

विमान वर गेलं तसे आबा खिडकीला चिकटले. "ही घोडनदी! आन् ते शिरूर. हितवर यायला चार दिस लागायचं." विमानात पाणी आणि बिस्किटं महाग म्हणून मी घरची चटणी-भाकरी काढली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

नागपूरला पट्ट्यावर चाकांच्या बॅगा एकामागून एक आल्या आणि त्यांच्यामधून आमची काळी घोंगडी, चारही गाठी शाबूत. मला भर गर्दीत रडू आलं, सांगायला लाज कसली.

पाऊणला आम्ही पाळण्यापाशी होतो. करगोट्याचं टोक कातरलं गेलं, मी भाचीच्या कानात नाव सांगितलं. दादानं विचारलं, "आबा, परत कधी जायचं?"

"चालत आलो आस्तो तर दोन महिनं गेलं आस्तं," आबा म्हणाले. "त्यातला एक महिना हितं ऱ्हातो."

मी रेल्वेनं एकटीच दौंडला उतरले. घरी मेंढरांपाशी चुलते आप्पा उभे होते.

"आबा कुठं हाय?"

मी सांगितलं. आप्पांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "मंग आजून एक महिना शिल्लक हाय की. माझं बी तिकीट काढ."